जुनी शेगडी आणि तिची घडवंची

वाचकहो, आपल्या घरातल्या माळ्यावर एकदा नजर टाका. एक पाय मोडलेला चौरंग, गळका बंब, पोरांचा जुना पाळणा; आणि अलीकडे या मंडळींत आणखी एक पाहुणी येऊन बसली आहे. ती म्हणजे गॅसची जुनी शेगडी. अंगावर धूळ, जाळीवर गंज, एक कळ तुटलेली. घरच्या माणसांना विचारावे, "हिला झाले तरी काय?" तर उत्तर मिळते, "बिघडली हो. भांडी काळी करते." कोणी म्हणते, "कळच फिरत नाही." कोणी म्हणते, "एक बाजू पेटते, दुसरी नुसती फुरफुरते." आणि इकडे भिंतीपाशी चूल पुन्हा धगधगत असते, नि फुंकणी हातात घेऊन घरची लक्ष्मी डोळे पुशीत बसलेली असते.

आता गंमत पाहा. बैलगाडीचा आरा मोडला म्हणून आपण गाडी टाकून देत नाही. मोटेची दोरी तुटली म्हणून कोणी विहीर बुजवली नाही. मग शेगडीचा एक पितळी तुकडा बुजला म्हणून ती सबंध शेगडी माळ्यावर का जावी? दहांतल्या बहुतेक शेगड्यांचे दुखणे किरकोळ असते. ते ओळखता आले, तर एका दुपारच्या कामात आणि दोन-चार सुट्या भागांत शेगडी पुन्हा कामाला लागते. ते दुखणे कसे ओळखायचे, कोणते काम आपण करायचे, कोणते मेकॅनिकवर सोपवायचे, आणि शेगडी कशावर ठेवायची, एवढ्याच गोष्टी आज सांगायच्या आहेत. शेवटची गोष्ट साधी वाटते. पण खरा धोका तिथेच लपलेला असतो, म्हणून तिला मी जरा जास्त जागा देणार आहे.

थोडा इतिहास आधी सांगतो. आपल्या देशात हा गॅस घरगुती वापरासाठी विकण्यास आरंभ झाला तो १९५५ साली, मुंबईत. बर्मा शेल या तेल कंपनीने तो आणला. पुढे कित्येक वर्षे तो शहरातल्याच स्वयंपाकघरांत राहिला. खेड्यापाड्यांतल्या गरीब घरांत तो मोठ्या प्रमाणावर पोहोचला तो उज्ज्वला योजनेमुळे. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलिया येथे या योजनेचा आरंभ झाला, आणि तिची आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्याच महाराष्ट्रात, औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दिली गेली. त्या पहिल्या वर्षांत घरात आलेल्या शेगड्या आता जुन्या झाल्या. रोज दोन वेळा पेटणारी वस्तू झिजणारच. तेव्हा डागडुजीचा प्रश्न आता घरोघरी येणार आहे.

दुरुस्ती करण्यापूर्वी शेगडी चालते कशी हे समजून घेऊ. टाकीत गॅस असतो तो पातळ रूपात, दाबाखाली कोंडलेला. प्रोपेन आणि ब्यूटेन या दोन वायूंचे ते मिश्रण. एक लिटर पातळ गॅस बाहेर आला की त्याचा सुमारे २५० लिटर वायू होतो. एवढ्या जोराचा वायू सरळ शेगडीत सोडला तर अनर्थ होईल. म्हणून टाकीच्या तोंडावर रेग्युलेटर बसवलेला असतो. तो दाब उतरवून दर चौरस सेंटिमीटरला ३० ग्रॅम एवढा करतो. म्हणजे किती? घागरीत एक फूट पाणी असले, तर तळावर त्या पाण्याचा जेवढा दाब पडेल तेवढा. इतका सौम्य.

हा सौम्य वायू रबरी नळीतून शेगडीत येतो. कळ फिरवली की कॉक उघडतो, आणि वायू एका पितळी तुकड्यातून बाहेर पडतो. या तुकड्याला जेट म्हणतात. त्याचे भोक सुईच्या टोकाएवढे. या बारीक भोकातून गॅस वेगाने सुटतो आणि सुटताना शेजारची हवा आपल्याबरोबर ओढून घेतो. भरधाव एस. टी. गेली की रस्त्यावरचा पाचोळा तिच्यामागे धावतो, अगदी तसेच. पुढच्या आडव्या नळीत हवा आणि गॅस एकमेकांत मिसळतात आणि बर्नरच्या भोकांतून वर येऊन जळतात. एक भाग गॅस पुरता जळायला २४ ते ३० भाग हवा लागते. म्हणजे शेगडी ही नावाला गॅसची. खरे पाहता ती हवेवरच चालते. ही एक गोष्ट ध्यानात राहिली, की निम्मी दुखणी आपोआप उलगडतात.

आता नाडीपरीक्षा. शेगडीची नाडी म्हणजे तिची ज्योत. ज्योत निळी, टोकदार आणि स्थिर असली की प्रकृती उत्तम.

ज्योत पिवळी, लांब आणि लोंबती झाली, भांड्याला काजळी धरू लागली, की समजावे, हवा कमी पडते आहे. आडव्या नळीत कचरा साचला असेल, हवेची चकती बंद झाली असेल, किंवा जेटचे भोक मोठे झाल्याने गॅस प्रमाणाबाहेर येत असेल. माळ्यावर पडून राहिलेल्या शेगडीत तर कोळी जाळे विणतो, कुंभारीण माशी मातीचे घर बांधते. बाहेरून काही दिसत नाही, आणि आत वाट बंद! अशा अर्धवट जळणाऱ्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. दारे-खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत तो जीवघेणा ठरतो. म्हणजे काळे भांडे हा नुसता घासण्याचा त्रास नव्हे, तो इशारा आहे. मात्र मिठाचे पाणी उतू गेले की ज्योतीत थोडा वेळ नारिंगी ठिणग्या दिसतात. तो मिठाचा गुण, शेगडीचा दोष नव्हे.

एक बाजू मंद पेटत असेल, तर तिचा जेट तरी बुजला आहे, किंवा उतू गेलेल्या दुधाने, आमटीने बर्नरची भोके तरी बंद झाली आहेत. ज्योत बर्नर सोडून वर उडत असेल, सूं-सूं आवाज करीत असेल, तर हवा जास्त होते आहे किंवा गॅसचा दाब वाढला आहे. कधी 'फट्' असा आवाज होऊन ज्योत बर्नरवर न जळता आत नळीतच जळू लागते. तेव्हा ताबडतोब कळ बंद करावी, शेगडी निवू द्यावी आणि बर्नर आपल्या जागी नीट बसला आहे का, हे पाहावे. बर्नर वाकला किंवा त्याची भोके झिजून रुंद झाली, तरी असे होते. मग त्याला बदलण्यावाचून इलाज नाही.

नाडी न पाहता औषध दिले की दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला, अशी गत होते. जेट बुजलेला असतो आणि माणूस नवा रेग्युलेटर मागायला जातो. तेव्हा आधी ज्योत पाहा, मग पाना उचला.

आता प्रत्यक्ष काम. पहिली पायरी कोणती? शेगडी उघडण्याची नव्हे. आधी रेग्युलेटर बंद करा, टाकीवरून काढा, टाकीच्या तोंडावर तिची टोपी बसवा आणि टाकी बाजूला उघड्या हवेत नेऊन उभी ठेवा. टाकी कधीही आडवी ठेवू नये. शेगडी थंड असल्याची खात्री करा. मगच हात घाला.

जाळ्या, थाळ्या आणि बर्नर उचलून काढा. बर्नर उपडा करून हळूच आपटा, कचरा पडेल. पितळी बर्नर चिंचेच्या किंवा लिंबाच्या गरम पाण्यात भिजत घालावा. देवाची भांडी घासतो तसाच तो उजळतो. ओतीव लोखंडाचा बर्नर आणि जाळ्या धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात घालाव्यात. परंतु आडवी नळी पुष्कळ शेगड्यांत ॲल्युमिनियमची असते. तिला सोडा लावू नका, बरं का. सोडा ॲल्युमिनियमला खातो. तिला साबणाचे पाणी पुरे. बर्नरचे एकेक भोक बारीक तारेने मोकळे करावे, पण कोरून मोठे करू नये. आडव्या नळीतून बाटली धुण्याचा ब्रश किंवा तारेला गुंडाळलेले फडके आरपार फिरवावे. मग सगळे भाग उन्हात खडखडीत वाळवावेत. ओला बर्नर बसवला तर ज्योत तडतडते आणि आपल्याला वाटते, काम फसले.

जेटचे काम नाजूक. पान्याने तो काढून उजेडाकडे धरा. भोकातून उजेडाचा ठिपका दिसला तर ठीक. न दिसला तर रात्रभर साबणाच्या पाण्यात भिजवून सकाळी फुंकर मारावी. बहुतेक वेळा तेवढ्याने तो उघडतो. पण त्यात शिवणाची सुई, दाभण असले काही घालू नका. पितळ मऊ असते, भोक रुंदावते. आता शाळेतल्या मास्तरांनी मुलांना एक हिशेब घालावा. भोकाचा व्यास दहाव्या हिश्शाने वाढला, तर क्षेत्रफळ किती वाढेल? १.१ गुणिले १.१, म्हणजे १.२१. शेकडा २१ गॅस जास्त! हवा मात्र त्या मानाने वाढत नाही. म्हणजे सुईच्या एका टोचणीने टाकी लवकर संपते आणि वर भांडीही काळी होतात. फुंकर मारूनही जेट उघडत नसेल तर नवाच आणावा.

सुटे भाग आणायला जाताना जुना भाग खिशात घालून न्यावा. "दोन बर्नरच्या शेगडीचा जेट द्या" एवढ्यावर भागत नाही, कारण मोठ्या आणि छोट्या बर्नरचा जेट वेगळा असतो. शक्यतो त्याच बनावटीचा भाग घ्यावा. वरची जाळी बदलताना तिची उंची जुन्या जाळीशी ताडून पाहावी. जाळी फार बुटकी असली तर भांडे ज्योतीला दडपते, ज्योत अर्धवट जळते. फार उंच असली तर धग बाजूने निघून जाते. प्रमाणित घरगुती शेगडीने गॅसमधल्या उष्णतेपैकी निदान शेकडा ६८ भाग भांड्याला द्यावा, असे भारतीय मानक सांगते. हे गणित बनवणाऱ्याने बर्नर, जेट आणि जाळी यांचा मेळ घालून बसवलेले असते. आपण तो मेळ मोडू नये, एवढेच.

नळीकडे विशेष लक्ष द्या. तारेचे अस्तर असलेली, आय. एस. आय. छापाची सुरक्षा नळीच वापरावी. तिच्यावर साल छापलेले असते. पाच वर्षे झाली की ती वरून चांगली दिसली तरी बदलावी. साधी रबरी नळी आपल्याकडे उंदीर कुरतडतात, हे काही मी सांगायला नको. नळीवर कापड किंवा प्लॅस्टिक गुंडाळू नये. भेग पडली तर दिसणार कशी?

आता, न करण्याच्या गोष्टी. कॉक गळत असेल किंवा कळ दगडासारखी घट्ट झाली असेल, तर ती खोबरेल तेल घालून फिरवत बसू नका. कॉक आणि आतली लोखंडी गॅसनळी ही गॅस एजन्सीच्या मेकॅनिकची कामे. गळक्या जागी साबणाची वडी चोळणे, सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधणे, डाग देणे हे असले उपाय खेड्यात सर्रास दिसतात. ते उपाय म्हणजे अपघाताला दिलेली मुदत होय. दुसरे असे की, गोबरगॅसची शेगडी टाकीच्या गॅसला जोडू नका. गोबरगॅसची आच कमी, दाबही कमी. म्हणून त्याच्या शेगडीचा जेट मोठ्या भोकाचा असतो. त्यातून टाकीचा गॅस सोडला तर ज्योत छपराला लागेल. शाळेत खिचडीसाठी जी मोठी भट्टी असते, तिचेही तेच. तिचा रेग्युलेटर आणि घरच्या शेगडीचा रेग्युलेटर यांची अदलाबदल कदापि करू नये.

येथवर शेगडी दुरुस्त झाली. आता ती ठेवायची कुठे?

पुष्कळ घरांत चूल जमिनीवर होती, म्हणून शेगडीही जमिनीवर आली. शेजारी टाकी उभी. वर्षानुवर्षे असेच चालले आहे, मग त्यात वाईट काय, असे तुम्ही विचाराल. वाईट असे की, हा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. गळाला तर तो धुरासारखा वर जात नाही. पाण्यासारखा खाली उतरतो आणि जमिनीवरून पसरत जातो. हवेत शेकडा दोन ते दहा या प्रमाणात तो मिसळला की ठिणगीने भडकतो. टाकीच्या तोंडाशी गळती झाली आणि पेटती शेगडी जमिनीवरच असली, तर गॅस चालत चालत ज्योतीकडेच जाणार. म्हणून शेगडी नेहमी टाकीपेक्षा उंच जागी असावी. ओटा असेल तर प्रश्नच नाही. ओटा नसेल तर गावच्या सुताराकडून, नाहीतर आपल्याच हाताने, एक लाकडी घडवंची करून घ्यावी.

चौदा किलो दोनशे ग्रॅमची टाकी सुमारे दोन फूट उंच असते. घडवंची अडीच फुटांची केली की शेगडी तिच्यावर राहते. पण फुटाच्या मापापेक्षा बाईचे माप महत्त्वाचे. जिने स्वयंपाक करायचा, तिला सरळ उभे करून कोपरापर्यंतची उंची मोजा. त्यातून शेगडीची उंची वजा करा आणि आणखी चार बोटे कमी करा. सुतार उंच म्हणून घडवंची उंच आणि घरची सून टाचा उंचावून आमटी ढवळते आहे, असे होऊ नये. मात्र कोणत्याही मापात शेगडी टाकीच्या डोक्याखाली जाता कामा नये.

लाकूड नवे घ्यायलाच हवे असे नाही. जुन्या दाराच्या चौकटीचे सागवान, मोडक्या गाडीची बाभूळ ही वर्षानुवर्षे मुरलेली लाकडे. मुरलेले लाकूड पिळत नाही. खिळे उपटून, ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर वाळवीने आतून खाल्ले आहे, ते टाकावे. पाय बाभळीचे, तीन इंची चौरस ठेवा. वरची चौकट आणि खालच्या आडव्या पट्ट्या पायांत नुसत्या खिळ्यांनी ठोकू नका. एका लाकडाला कुसू काढून, दुसऱ्यात पटाशीने भोक पाडून, सांधा घट्ट बसवावा आणि पाचर मारावी. गुण्या लावून कोपरे काटकोनात आहेत का, ते पाहावे. हलती घडवंची म्हणजे उकळत्या पातेल्याला दिलेला झोपाळा.

वर लाकडी फळी मात्र नको. शेगडीच्या तळाची धग रोज लागून लाकूड आतून सुकते, करपते, आणि करपलेले लाकूड साध्या लाकडापेक्षा लवकर पेट घेते. म्हणून चौकटीत खाच करून तिच्यात शहाबादी फरशी किंवा कडप्पा बसवावा. अडीच फूट लांब, दीड फूट रुंद आणि एक इंच जाड फरशीचे वजन सुमारे २२ किलो भरते. हे वजन घडवंचीला स्थिर ठेवते, पण सांधे कच्चे असतील तर मोडतेही. म्हणून कुसवाचा आग्रह. फरशीभोवती आगकाडीएवढी फट सोडा. पावसाळ्यात लाकूड आडवे फुगते. फट नसेल तर सांधे उकलतील. शेगडीच्या चारही बाजूंना चार-चार बोटे फरशी उघडी राहावी, आणि ज्योतीपासून एक वीतभर अंतरात लाकूड येऊ नये.

आता आजीची तक्रार. "मला मेलीला उभ्याने भाकरी थापता यायची नाही," असे ती म्हणणार, आणि तिचे म्हणणे खोटे नाही. सगळा जन्म बसून थापल्या, आता हात उभ्याने वळत नाहीत. नेमके येथेच पुष्कळ घरांतली शेगडी पुन्हा जमिनीवर उतरते. त्यावर तोड अशी. घडवंचीच्या उजव्या अंगाला, आच लागणार नाही इतक्या अंतरावर, एक फळी जोडा. ती घडवंचीपेक्षा अर्धा फूट खाली ठेवा. तिच्यात काटवटीच्या बुडाच्या मापाची गोल खाच कोरा, म्हणजे थापताना काटवट सरकत नाही. समोर एक उंच तिवई ठेवा. आजी तिवईवर बसून भाकरी थापते आणि बसल्या जागेवरून तव्यावर टाकते. तिचे बसणे राहिले, शेगडीही वरच राहिली. सुताराला हे काम अर्ध्या दिवसाचे, पण यामुळे घडवंची वापरात राहते. नाहीतर तिच्यावर कपडे वाळत पडतात.

लाकडाला जवसाचे तेल चोळावे. पाण्याने, तेलकटाने ते खराब होत नाही. पण तेल चोळलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते आणि बोळ्यात धग कोंडून चिंध्या आपोआप पेटू शकतात. त्या दोरीवर पसरून वाळवाव्यात.

घडवंचीखाली टाकी ठेवून पुढे दारे लावण्याचा मोह पुष्कळांना होतो. दिसायला छान दिसते. तसे करू नका. बंद कपाटात गळलेला गॅस साचून राहतो. टाकी घडवंचीच्या शेजारी, उघड्यावर, सपाट जागी उभी असावी. नळी शेगडीच्या मागून गरम भागाला चिकटून जाऊ नये. वर कोनाडा, पडदा, वाळत घातलेले फडके काही नको. खिडकी जवळ असावी, पण वारा सरळ ज्योतीवर येऊ नये.

सगळे जोडून झाले की परीक्षा. कळा बंद ठेवून रेग्युलेटर उघडा. वाटीत साबणाचा दाट फेस करून कुंचल्याने प्रत्येक सांध्यावर लावा: टाकीचे तोंड, नळीची दोन्ही टोके, कॉकची बूड. बुडबुडे फुगू लागले की तेथे गळती आहे. टाकीच्या तोंडाशी बुडबुडे आले, तर बहुधा आतली रबरी कडी झिजलेली असते. ती एजन्सीच्या माणसाकडून बदलून घ्यावी. काडी ओढून गळती शोधण्याचे धाडस कोणी करू नये. टाकी घेताना तिच्या कड्यावरचे अक्षरही वाचा. ए, बी, सी, डी ही वर्षाची चार तिमाही, आणि पुढे साल. 'बी' आणि साल असेल, तर त्या सालच्या एप्रिल ते जून या काळात टाकीची तपासणी व्हायला हवी. ती मुदत उलटून गेलेली टाकी घेऊ नये.

आणि कधी गॅसचा वास आलाच तर? या गॅसला स्वतःचा वास नसतो. आपल्याला कळावे म्हणूनच त्यात मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. तो वास म्हणजे दारावरची थाप. आधी सर्व ज्योती विझवा, रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा. विजेचे बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. दोहोंत ठिणगी उडते. माणसे बाहेर काढा आणि बाहेर गेल्यावर १९०६ या क्रमांकावर फोन करा. तो क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती. शेगडी वर का ठेवायची, हे नुसते सांगून पटत नाही. ते दाखवावे लागते. एका उंच पेल्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घ्या आणि त्यावर लिंबाचा रस पिळा. फसफसून कार्बन डायऑक्साइड तयार होईल. हा वायूही हवेच्या दीडपट जड. फेस बसला की एक लहान मेणबत्ती ताटलीत पेटवून ठेवा आणि पेला तिच्यावर हळूच कलता करा, रस न सांडता. पेल्यातून काहीच पडताना दिसणार नाही, पण मेणबत्ती विझेल. मग मुलांना सांगा, "पाहिलेत? न दिसणारा वायू पाण्यासारखा खाली ओतला गेला. हा विझवणारा होता. टाकीतला वायू असाच खाली वाहतो, पण तो पेटणारा असतो." हा प्रयोग पाहिलेला मुलगा घरी गेल्यावर पहिल्यांदा पाहील, आपली शेगडी कुठे आहे. आणि वडिलांना जे आम्ही सांगून पटत नाही, ते लेकराने सांगितले की पटते.

तेव्हा, वाचकहो, येत्या सुटीच्या दिवशी माळ्यावरची शेगडी खाली उतरवा. तिची नळी झाडा, भोके मोकळी करा, जेट उजेडाला धरून पाहा. जे आपल्या हातचे नाही ते मेकॅनिकला दाखवा. जुन्या चौकटीची चार लाकडे सुताराकडे टाका, आणि घडवंचीचे माप घ्यायला जिला स्वयंपाक करायचा आहे, तिलाच बोलवा. संध्याकाळी निळी ज्योत पेटली आणि तिच्यावर पहिली भाकरी फुगली, म्हणजे त्या दिवसाचे काम झाले म्हणा. फुंकणी मग माळ्यावर ठेवून द्या. शेगडीची जागा आता रिकामीच आहे.